भाषण राजदूताचं ऐकलं, आता आयुष्य तृतीय सचिवाचं विचारा

प्रश्न : सर, आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगी महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. मध्यंतरी तिच्याकडे एका निवृत्त राजदूतांचं व्याख्यान झालं आणि तेव्हापासून तिनं एकच धोशा लावलाय, मी परराष्ट्र सेवेतच जाणार. तिचे बाबा म्हणतात एमबीए कर. सासूबाई म्हणतात, दर तीन वर्षांनी देश बदलणाऱ्या मुलीला कोण करून घेणार? मला तर ही नोकरी म्हणजे नक्की काय असतं हेच ठाऊक नाही. परदेश, पार्ट्या, मोठ्या लोकांच्या ओळखी, एवढंच बाहेरून दिसतं. दिल्लीला क्लासला पाठवावं का? आधी जर्मन शिकू का, असंही ती विचारते. काय सांगू?
(एक आई, वडोदरा)

उत्तर :

ताई, नमस्कार.

क्लास, जर्मन, एमबीए, लग्न हे सगळे नंतरचे प्रश्न. पहिला प्रश्न तुम्हीच लिहिलाय: ही नोकरी म्हणजे नक्की काय? त्याचं पूर्ण उत्तर व्याख्यानात मिळणं अवघड. परराष्ट्र मंत्रालय स्वतःच निवृत्त राजदूतांना विद्यापीठांमध्ये बोलायला पाठवतं, आणि उपक्रम चांगलाच आहे. पण तासाभरात माणूस पस्तीस वर्षांतलं निवडक तेच सांगणार. अमुक शिखर परिषद, तमुक पंतप्रधानांची भेट. ज्या वर्षांत असलं काहीच घडलं नाही ती वर्षं त्या तासात येत नाहीत, आणि तुमच्या लेकीला काढायची असतील ती बहुतेक तशीच वर्षं.

तेव्हा आधी क्रम समजून घ्या. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून निवड झाली की सगळ्यांबरोबर मसुरीला पायाभूत प्रशिक्षण. मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत पुढचं शिक्षण. मधे भारत दर्शन, सैन्यदलाच्या तुकडीबरोबर काही दिवस, एखाद्या जिल्ह्यात काही दिवस. त्यानंतर प्रत्येकाला एक परकी भाषा नेमून दिली जाते: अरबी, चिनी, रशियन, स्पॅनिश, जपानी, फ्रेंच वगैरे. ती जिथे बोलली जाते अशा ठिकाणच्या वकिलातीत तृतीय सचिव म्हणून पाठवतात. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पुढे द्वितीय सचिव, प्रथम सचिव, काउन्सेलर, मिनिस्टर (हा मंत्री नव्हे, वकिलातीतलंच एक पद), आणि मग कुठे राजदूत. राष्ट्रकुलातल्या देशात असाल तर त्याच पदाला उच्चायुक्त म्हणतात. मधेमधे दिल्लीला परत येऊन मंत्रालयात अवर सचिव, उपसचिव, संचालक, सहसचिव. स्वतःच्या नावाची वकिलात मिळायला साधारण वीसेक वर्षं जातात. तोवर आपण दुसऱ्या कुणाच्या तरी वकिलातीत काम करत असतो.

काय काम? एक उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण व्याख्यानात हे येत नाही आणि आपल्याकडच्या घराघरांतून कुणी ना कुणी परदेशी असल्यामुळे तुम्हाला लगेच कळेल.

समजा आखातातल्या एका शहरात आपला एक कामगार रात्री झोपेत गेला. सकाळी कंपनीचा माणूस वकिलातीच्या कॉन्सुलर खिडकीवर, म्हणजे तिथल्या आपल्या नागरिकांची कामं होतात तिथे, येतो. आता तिथल्या तरुण अधिकाऱ्यापुढे कागदांची साखळी असते. स्थानिक दवाखान्याचा मृत्यूचा दाखला, मृत्यू अनैसर्गिक वाटला तर पोलिसांचा अहवाल, आणि त्याचं भाषांतर. देह गावी न्यायचा की तिथेच दफन-दहन करायचं याबद्दल घरच्यांचं संमतिपत्र. देह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला. मृताचा पासपोर्ट रद्द करून त्याच्या पानांच्या प्रती. मग वकिलातीचं ना-हरकत पत्र, विमानात जागा, आणि इकडे कोणत्या विमानतळावर कोण घ्यायला येणार त्याचं नाव. यातला एक कागद अडला की देह शवागारात पडून राहतो. दरम्यान गावाहून फोन येत असतात. बायको बोलू शकत नाही म्हणून भाऊ बोलतो, भावाला हिंदी नीट येत नाही म्हणून तो शेजाऱ्याला फोन देतो. राहिलेला पगार कंपनीकडून काढायचा असतो तो वेगळाच. संध्याकाळी त्याच अधिकाऱ्याला कोट घालून दुसऱ्या कुठल्यातरी देशाच्या राष्ट्रीय दिनाला हजर राहायचं असतं, आणि तिथे चेहरा हसराच लागतो.

माझ्या मते ही सेवा समजून घ्यायची तर त्या खिडकीपासून सुरुवात करावी. लेकीला हे वाचून दाखवा आणि तिचं तोंड बघा. कंटाळा आला असेल तर एक उत्तर, "मग पगार मिळाला का त्यांना?" असं तिनं विचारलं तर दुसरं.

कधी कधी हीच खिडकी लाखभर माणसांची होते. १९९० मध्ये कुवेतवर इराकनं हल्ला केल्यावर अडकलेल्या लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी आणलं गेलं. २०२२ मध्ये युक्रेनमधून 'ऑपरेशन गंगा'त साधारण साडेबावीस हजार लोक परत आले, त्यात बहुतेक वैद्यकीयचे विद्यार्थी. गुजरातमधलीही पुष्कळ मुलं होती, तुमच्या ओळखीत एखादं असेल. तेव्हा ल्विव आणि चेर्निव्हत्सीला तात्पुरती कार्यालयं उघडून मंत्रालयानं तिथे रशियन बोलणारे अधिकारी धाडले होते. तरुणपणी मॉस्कोत व्याकरण घोकलेलं असं एके दिवशी सीमेवरच्या थंडीत उपयोगी पडतं.

दुसरा मोठा भाग लिहिण्याचा. यजमान देशात निवडणूक झाली, अर्थसंकल्प आला, एखाद्या मंत्र्यानं भारताबद्दल काही बोललं, की त्याचा आपल्यासाठी अर्थ काय हे दिल्लीला थोडक्यात, त्याच दिवशी कळवायचं. तुम्ही म्हणता त्या पार्ट्यांचंही तेच. तिथे गेलेला अधिकारी घरी येऊन कोण कुणाशी काय बोललं ते आठवून टिपण लिहितो. जेवण चांगलं असतं, नाही म्हणत नाही. पण पंधरा वर्षं जवळजवळ रोज उभ्यानं जेवल्यावर त्याचं कौतुक उरत नाही.

आणि शिष्टाचार म्हणजे नुसता दिखावा नव्हे, हे वडोदऱ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराज पंचम जॉर्जपुढे जेमतेम झुकले आणि मागे मागे सरकत जाण्याऐवजी पाठ फिरवून चालू लागले. त्या चार पावलांवरून इंग्लंडपर्यंत गदारोळ झाला. कुणी कुठे उभं राहायचं, कुणाचा झेंडा कुठल्या बाजूला, कुणाला आधी भेटायचं, यातून देश एकमेकांशी बोलतात. तृतीय सचिवाला खुर्च्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या तीनतीनदा तपासायला लावतात ते उगीच नाही.

धोक्याचंही सांगायला हवं, तुम्ही विचारलं नाहीत तरी. पुण्याच्या म्हात्रे पुलावरून तुम्ही गेला असाल. तो रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा. बर्मिंगहॅमच्या आपल्या कार्यालयात ते अधिकारी होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये काश्मिरी अतिरेक्यांनी त्यांचं अपहरण करून खून केला. कुठे, तर इंग्लंडमध्ये, ज्याला कुणीच अवघड ठाणं म्हणणार नाही. असे प्रसंग विरळाच, पण राजनैतिक संरक्षण कागदावर असतं हे घरच्यांना माहीत असलेलं बरं.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांना सी. बी. मुथम्मांची गोष्ट जरूर सांगा. परराष्ट्र सेवेत आलेल्या या पहिल्या स्त्री, १९४९ च्या. तेव्हा नियमच असा होता की स्त्री अधिकाऱ्यानं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला लावता येई. पुरुषांना असलं काही नाही. पुढे बढतीत डावललं तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांवर सणसणीत ताशेरे ओढले. आज तसला नियम नाही. परदेशी नागरिकाशी लग्न करायचं असेल तर मात्र पूर्वपरवानगी लागते, ती स्त्री-पुरुष दोघांनाही.

म्हणून 'कोण करून घेणार' याची चिंता मी फारशी करणार नाही. लग्नं होतात, पुष्कळदा सेवेतल्याच जोडीदाराशी. अवघड असतं ते पुढचं. एका ठिकाणी साधारण तीन वर्षं, खडतर ठिकाणी त्याहून कमी. ठाण्यांची सोयीप्रमाणे वर्गवारी असते आणि युरोपातल्या एखाद्या राजधानीनंतर पुढची बदली कुठे होईल सांगता येत नाही. जोडीदाराची नोकरी दर बदलीला तुटते, कारण यजमान देशात त्याला काम करता येईलच असं नसतं. मुलं चौथीत एका भाषेत आणि सातवीत दुसऱ्या अभ्यासक्रमात. आणि सगळ्यात कठीण म्हणजे तुम्ही दोघं. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन असेल तेव्हा ती कदाचित दोन विमानं बदलून येईल, कदाचित येऊच शकणार नाही. याचा विचार तुम्ही आणि तिच्या बाबांनी आत्ता करा. तिच्यावर सोपवू नका, ती वीस वर्षांची आहे, तिला हे आत्ता दिसणार नाही आणि दिसूही नये.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीचं मूळ वेतन आयएएस, आयपीएसइतकंच, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५६,१०० रुपये. परदेशात असताना त्यावर परदेश भत्ता आणि सरकारी घर. दिल्लीला परतलं की भत्ता बंद, आणि कालपर्यंत गाडी-ड्रायव्हर असलेला माणूस मेट्रोच्या रांगेत. एमबीएवाल्या मित्रांशी तुलना करायची असेल तर ही सेवा नकोच.

साठाव्या वर्षी निवृत्ती. तुमच्या लेकीनं ज्यांना ऐकलं ते या टप्प्यावरचे, आणि हा टप्पा बाहेरून फार देखणा दिसतो. काहींचा असतोही. के. आर. नारायणन सेवेतून आले आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती झाले. हमीद अन्सारी दहा वर्षं उपराष्ट्रपती होते. आजचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर १९७७ च्या तुकडीचे, राज्यसभेत तेही गुजरातमधूनच. मराठी माणसांतलं जवळचं उदाहरण ज्ञानेश्वर मुळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे, १९८३ ची तुकडी, भाषा जपानी, मालदीवला उच्चायुक्त, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत. मंत्रालयात पासपोर्ट विभागाचे सचिव असताना पोस्टातली पासपोर्ट केंद्रं देशभर पसरली, ज्यांतली पहिली दोन जानेवारी २०१७ मध्ये म्हैसूरला आणि आपल्या शेजारच्या दाहोदला उघडली होती. निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय मानवाधिकार आयोगावर गेले. विजय गोखले हे आणखी एक. चीनमध्ये राजदूत, मग २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव, आता चीनवर लिहितात आणि लोक ते लक्ष देऊन वाचतात.

पण बहुसंख्य निवृत्त अधिकारी वर्तमानपत्रात नसतात. नोएडा, पुणे किंवा बंगळुरूच्या एखाद्या सोसायटीत राहतात, कधीतरी लेख लिहितात, कधी व्याख्यानाला जातात. खासगी कंपनीत लगेच जायचं म्हटलं तर पहिलं वर्षभर सरकारची परवानगी लागते. अडीच-तीन दशकं बाहेर काढल्यामुळे गल्लीतली, शाळेतली मैत्री सुटलेली असते आणि आपल्याच शहरात गॅसचा नंबर कुठे लावायचा इथून सुरुवात करावी लागते. त्यातही ज्यानं एखादा देश किंवा एखादी भाषा मनापासून धरली, त्याला म्हातारपणी काम कमी पडत नाही असं मी पाहिलंय. नुसती पदं धरली त्याचं जरा कठीण जातं.

परीक्षेबद्दल आकडे समोर ठेवा. २०२३ च्या परीक्षेत शिफारस झालेले १,०१६, त्यांत परराष्ट्र सेवेच्या जागा ३७. २०२४ मध्ये १,००९ पैकी ५५. वरच्या रँकवाले बरेच जण आयएएस घेतात, म्हणून थोडी खालची रँकही चालते, पण थोडीच. वय २१ ते ३२, खुल्या वर्गाला सहा संधी. लेकीला सांगा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते, सक्तीच्या भारतीय भाषेच्या पेपरला मराठी घेता येते आणि मराठी साहित्य वैकल्पिक विषय म्हणूनही आहे. पण घरी मराठी बोलणं वेगळं आणि तीन तास मराठीत लिहिणं वेगळं. वडोदऱ्यातल्या आपल्या बहुतेक मुलांचं शिक्षण गुजरातीत नाहीतर इंग्रजीत झालेलं असतं. तिनं पाचशे शब्दांचा एक निबंध मराठीत लिहून बघावा, मग माध्यम ठरवावं. तिचं राज्यशास्त्र मात्र आयतं उपयोगाचं, कारण वैकल्पिक विषयात आंतरराष्ट्रीय संबंधही त्यातच येतात.

दिल्लीला आत्ता पाठवू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं तिथल्या खोलीचं भाडं भरत बसायचं काही कारण नाही. २०२४ च्या परीक्षेत देशात दुसरी आलेली मुलगी वडोदऱ्याचीच, म. स. विद्यापीठाची वाणिज्य पदवीधर आणि सीए, वैकल्पिक विषय हाच, राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध. विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय हाताशी आहे, ते वापरा. ज्या हंसाबेनचं नाव त्याला आहे त्यांचं काम लेकीनं वाचलं नसेल तर आधी ते वाचावं. म. स. विद्यापीठाच्या कुलगुरू होण्याआधी त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या, आणि मानवाधिकारांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात फक्त पुरुषांचा उल्लेख होऊ नये यासाठी त्यांनी एलिनॉर रूझवेल्ट अध्यक्ष असलेल्या आयोगात हट्ट धरला आणि बदल करून घेतला. परीक्षेतून आलेल्या अधिकारी त्या नव्हत्या. पण मसुद्याच्या टेबलावर बसून वाद कसा जिंकतात हे शिकायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

जर्मन शिकावंसं वाटत असेल तर खुशाल शिकू दे, विद्यापीठातच सोय आहे. फक्त त्यानं यूपीएससीत गुण वाढतात असं नाही, आणि निवड झाल्यावर भाषा सेवाच नेमून देते, ती जर्मन असेलच असं नाही. फायदा दुसरीकडे आहे. नागरी सेवेत नाव आलं नाही तर भाषा हातात राहते. मी पालकांना नेहमी सांगतो, दोन प्रामाणिक प्रयत्न, फार तर तीन, आणि त्यांच्या शेजारीच दुसरी वाट चालू. तिच्यासाठी ती वाट म्हणजे जेएनयूसारख्या ठिकाणी आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए, त्यातून संशोधन किंवा अध्यापन. किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) पदवीधर परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयातच सहायक विभाग अधिकारी. ही वाट लोकांना माहीतच नसते. यांच्याही वकिलातींमध्ये बदल्या होतात, आणि बढत्यांनी पुढे परराष्ट्र सेवेत येणारेही आहेत. दर्जा खालचा, पण खिडकी तीच.

या महिन्यात तिनं दोन गोष्टी कराव्यात. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संसदेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं असतात. रोज एक उत्तर घ्यायचं, कुठलाही देश, आणि त्याचा सारांश अर्ध्या पानात, एकही विशेषण न वापरता लिहायचा. महिन्याच्या शेवटी ती वही तिलाच आवडते का बघा. आवडली तर ती या कामाची आहे.

दुसरं, त्या निवृत्त राजदूतांना पत्र पाठवायचं. पत्ता विभागप्रमुखांकडे मिळेल. ही माणसं विद्यार्थ्यांना बहुधा उत्तर देतात, निवृत्तीनंतर वेळही असतो आणि हौसही. पण 'तुमचा संस्मरणीय अनुभव' असलं विचारू नये, ते व्याख्यानात झालंय. दुसरी पोस्टिंग कुठे होती आणि तिथे सकाळी दहा ते सहा काय करत होतात? कुठली बदली नको असताना घ्यावी लागली? पत्नीच्या कामाचं काय झालं? मुलं कुठे शिकली? आईवडील आजारी पडले तेव्हा कुठे होतात? नेमून दिलेली भाषा अजून येते का? एवढंच विचारावं, आणि हाताने लिहून पाठवावं.

उत्तर आलं की तुम्ही तिघांनी एकत्र बसून वाचा, सासूबाईंनाही बोलवा. क्लासचं ॲडव्हान्स तोवर कुठेही भरू नका.